पोट दुखतंय, झोप नाही, करमत नाही

माझ्या पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी, नोव्हेंबर ते मार्च या काळात, मी लीड्समध्ये चार वेळा जीपीकडे गेले. पहिल्यांदा पोटासाठी, मग छातीतल्या धडधडीसाठी, मग परत पोटासाठी. रक्त तपासलं, ईसीजी काढला, आम्लपित्ताच्या गोळ्या घेऊन पाहिल्या. सगळे रिपोर्ट नॉर्मल. चौथ्या वेळी वेगळ्या डॉक्टर होत्या. त्यांनी पोटाबद्दल दोन-तीन प्रश्न विचारले आणि एक कागद पुढे केला. त्यावर नऊ प्रश्न होते, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. मला रागच आला. मी पोट दुखतंय म्हणून आलेय आणि या मला मनाचं काय विचारतायत! पण मराठी मध्यमवर्गीय संस्कार असे, की समोर आलेला पेपर सोडवल्याशिवाय राहवत नाही. सोडवला. २७ पैकी १६ गुण पडले. आयुष्यात पहिल्यांदाच जास्त गुण मिळाल्याचं वाईट वाटलं.

त्या म्हणाल्या, हे डिप्रेशन असू शकतं, आपण त्याबद्दल बोलू या. मी म्हणाले, "पण मी दुःखी नाहीये." आणि ते खरं होतं. मी रडत नव्हते. रोज लॅबमध्ये जात होते, दर रविवारी आईशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते, दिवाळीला मंडळात उभं राहून चकल्याही तळल्या होत्या. फक्त पहाटे चारला झोप मोडायची ती परत लागत नसे, जेवण घशाखाली उतरत नसे, आणि सुट्टीत घरून हौसेने आणलेली पुस्तकं बॅगेतून बाहेरसुद्धा निघाली नव्हती.

मी पेशींवर संशोधन करते. नावाआधी 'डॉक्टर' लागत असलं तरी रुग्ण तपासणारी डॉक्टर नाही, त्यामुळे हा लेख वाचून कुणी स्वतःचं किंवा नवऱ्याचं निदान करून टाकू नये. पण निदान करणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. ताप आलाय हे घरातल्या कुणालाही कळतं, तो कशाचा आहे हे डॉक्टर सांगतात. मनाच्या आजारांत आपलं ते पहिलं पाऊलच चुकतं, कारण आपण भलत्याच ठिकाणी हात लावून ताप बघतो. आपण दुःख शोधत बसतो, आणि आजार तोवर पोट, पाठ, झोप, चिडचिड अशा नावांनी घरात फिरत असतो.

आजार कुठल्या दाराने येतो

'गोऱ्या लोकांना मनातलं बोलता येतं, आपण शरीराच्या तक्रारी सांगतो' असं आपल्यातले पुष्कळ जण मानतात. मीही मानायचे. १९९९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला एक अभ्यास याबाबत फार उपयोगाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकल्पात १४ देशांतल्या १५ केंद्रांवर साध्या दवाखान्यांत आलेल्या रुग्णांची तपासणी झाली होती. या केंद्रांत बंगळुरूही होतं आणि मँचेस्टरही. डिप्रेशनच्या निकषांत बसणारे ११४६ रुग्ण सापडले. डॉक्टरकडे का आलात, याचं उत्तर म्हणून त्यातल्या ६९ टक्के लोकांनी फक्त शरीराच्या तक्रारी सांगितल्या होत्या. केंद्राकेंद्रांत फरक मोठा होता, पण सगळ्यात कमी असलेल्या केंद्रातही हा आकडा ४५ टक्के होता. म्हणजे शरीराच्या दाराने येणं ही काही फक्त आपली खासियत नाही.

त्याच अभ्यासातल्या आणखी दोन गोष्टी मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे, मनाबद्दल थेट विचारल्यावरही 'तसं काही नाही' म्हणणारे फक्त ११ टक्के निघाले. लोक लपवत नव्हते, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आणि दुसरी, जिथे रुग्णाला नेहमीचा, ओळखीचा डॉक्टर नव्हता, तिथे फक्त शारीरिक तक्रार घेऊन येण्याचं प्रमाण जास्त होतं. परदेशात राहणाऱ्या माणसाने या वाक्यापाशी जरा थांबावं. घर बदललं की जीपी बदलतो, आणि दहा मिनिटांच्या भेटीत दर वेळी नवा चेहरा समोर असतो. आपल्याला लहानपणापासून ओळखणारे, 'काय गं, चेहरा का असा?' म्हणणारे फॅमिली डॉक्टर मागे तिकडेच राहिले.

आता भाषेचं. इंगा-ब्रिट क्राउझे या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी बेडफर्डमधल्या पंजाबी कुटुंबांत काम करून १९८९ मध्ये एक लेख लिहिला. तिथले लोक 'दिल घिरदा है' म्हणत, म्हणजे काळीज बुडतंय, खचतंय. त्यात छातीतली खरीखुरी धडधड होती, चिंता होती, थकवा होता, आणि घरातल्या कर्तव्यात कमी पडल्याची लाजही होती. हा निव्वळ हृदयाचा आजार नव्हता आणि डिप्रेशनला दिलेला पंजाबी शब्दही नव्हता. इंग्रजी डॉक्टरला हे भाषांतर करून सांगताना अर्धं सांडून जात असणार.

मराठीत आपल्याकडे असे शब्द ढिगाने आहेत. जीव घाबरा होतो, जीव रमत नाही, करमत नाही, अन्न गोड लागत नाही, कशात मन लागत नाही, धास्ती घेतली, धसका बसला. 'त्यांनी हाय खाल्ली' असं जुनी माणसं म्हणत, आणि पुढे काय झालं ते सांगायची गरज नसे. गंमत बघा, आपल्या भाषेला हे आजार नीट दिसतात. आपणच ते शब्द नुसते म्हणून सोडून देतो.

नऊ प्रश्न, आपल्या बोलीत

मला दिलेला तो कागद म्हणजे पीएचक्यू-९. क्रोएन्के, स्पिट्झर आणि विल्यम्स या अमेरिकन संशोधकांनी २००१ मध्ये तो प्रसिद्ध केला. (फायझर या औषध कंपनीच्या अनुदानातून तयार झाला, हे माहीत असलेलं बरं. पण नंतर तो जगभर स्वतंत्रपणे तपासला गेला आहे.) इंग्लंडमध्ये मनाच्या उपचारांसाठी गेलात तर तो तुम्हाला भेटणारच. गेल्या दोन आठवड्यांत अमुक गोष्टीचा त्रास किती दिवस झाला, असं तो विचारतो. अजिबात नाही याला ० आणि जवळजवळ रोज याला ३.

पहिले दोन प्रश्न सगळ्यात महत्त्वाचे. दुसरा आपल्या ओळखीचा आहे: उदास, हताश वाटतं का? पण पहिला प्रश्न उदासीचा नाहीच, तो रस कमी होण्याचा आहे. कशात गोडी वाटते का? डिप्रेशनच्या निदानाला या दोन्हींपैकी एक तरी लक्षण असावं लागतं. म्हणजेच डोळ्यांत पाण्याचा टिपूसही नसताना डिप्रेशन असू शकतं. आणि रस गेलेला माणूस बाहेरून आजारी दिसतच नाही. तो 'हल्ली जरा बिझी' दिसतो. क्रिकेटचा स्कोअर बघणं सोडलेला मित्र, नाटकाच्या तालमीला 'या वर्षी नको' म्हणणारी मैत्रीण, गणपतीची आरास दरवर्षी स्वतः करणारे आणि यंदा ऑनलाइन मखर मागवणारे काका. यातली एकेक गोष्ट अगदीच साधी आहे. तीन-चार एकत्र आल्या आणि महिनाभर टिकल्या, तर ती साधी राहत नाही.

पुढचे प्रश्न झोप, थकवा आणि भूक यांचे. कमी झोप मोजली जाते तशी जास्त झोपही, भूक मेली तर जशी तसंच सारखं खात सुटणंही. आपल्याकडे झोप न येण्याची काळजी करतात, पण शनिवार-रविवार दिवसभर अंथरुणात पडून राहणाऱ्या मुलाला आळशी म्हणून मोकळे होतात. डिप्रेशनमधला थकवा झोपेने जात नाही, हीच त्याची खूण. आंघोळ करायची आहे हा विचारच डोंगराएवढा वाटतो. मी त्या हिवाळ्यात भांडी घासायला लागू नयेत म्हणून कागदी बशा आणल्या होत्या आणि त्याला 'वेळेचं नियोजन' म्हणत होते.

मग एकाग्रतेचा प्रश्न येतो. एकच परिच्छेद चारदा वाचायचा आणि डोक्यात काही शिरायचं नाही. हालचाली इतरांना जाणवण्याइतक्या मंद होणं किंवा उलट सारखी अस्वस्थ येरझार, हाही एक प्रश्न. आणि 'मी अपयशी आहे, मी घरच्यांची निराशा केली' हाही. हा शेवटचा परदेशस्थ मराठी माणसाला फार बोचतो. एवढं कर्ज काढून पाठवलं, आईबाबांना सोडून आलो, आणि मला बरं वाटत नाही म्हणजे मी कृतघ्न. आजार आजाऱ्याला अगदी त्याच्याच मूल्यांनी झोडपतो. माझ्यापुरता मला हाच विचार सगळ्यात खरा वाटत होता, आणि बरी झाल्यावर हाच सगळ्यात आधी विरला.

नवव्या प्रश्नाकडे शेवटी येते.

नऊ प्रश्नांखाली आणखी एक असतो, त्याला गुण नसतात: या सगळ्यामुळे काम करणं, घर सांभाळणं, लोकांशी जुळवून घेणं किती अवघड झालंय? मला हाच सर्वात शहाणा प्रश्न वाटतो. बेरीज १० किंवा जास्त आली तर डॉक्टरशी बोलायलाच हवं असं साधारण धरतात. पण ८ गुण मिळूनही कामावर जाणं बंद झालं असेल, तर त्या ८ ला कवटाळून घरी बसू नका.

काळजी, आणि काळजीचा आजार

आपल्या घरांत काळजी करणं हा प्रेमाचा पुरावा मानला जातो, म्हणून चिंताविकार ओळखणं आणखी कठीण. व्हिसाचं नूतनीकरण, गहाणकर्जाचा हप्ता, गुडघे दुखणारी आई, मुलांचं मराठी, यांची काळजी कुणाला नसते? फरक कसा करायचा? विषय संपला तरी काळजी संपत नसेल तर लक्ष द्या. व्हिसा मिळाला की दोन दिवसांत तीच काळजी, तेवढीच, दुसऱ्या विषयावर जाऊन बसते. थांबवायची म्हटली तरी थांबत नाही. निदानाच्या निकषांत ही स्थिती सहा महिने, बहुतेक दिवस असावी लागते. सोबत चिडचिड, मान-खांदे आखडणं, पटकन थकणं आणि अंथरुणावर पडल्यावर तास-दीड तास झोप न लागणं असतं.

पोट का बिघडतं, याचं उत्तर सरळ शरीरशास्त्रात आहे. धोका दिसला की स्वायत्त मज्जासंस्था शरीराला पळायला तयार करते. हृदय जोरात, श्वास भरभर, स्नायू ताणलेले, आणि पचनाचं काम तूर्तास मागे. वाघ समोर असताना जेवण पचवण्याची घाई नसते. पण इथे वाघ म्हणजे ईमेल असेल आणि तो रोज येत असेल, तर आतडी रोजच बिघडलेली राहतात. म्हणून 'सगळं मनाचे खेळ आहेत' हे वाक्य शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे. दुखणं खरं आहे, पोटातच आहे, फक्त त्याचं कारण एंडोस्कोपीत दिसत नाही.

पॅनिक अटॅक हा याचाच झटका. काही मिनिटांत शिगेला पोचतो: धडधड, घाम, हातांना मुंग्या, श्वास कोंडणं, आपण आता मरणार ही खात्री. पण पहिल्यांदा छातीत दुखलं की 'पॅनिक असेल' असं स्वतःच ठरवू नका. ९९९ ला फोन करा. दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकार कमी वयात दिसतो. आधी हृदय, मग मन, हाच क्रम ठेवा.

बाळंतीण

एका गटासाठी मात्र शरीराची लक्षणं विचारून उपयोग नाही. नुकतंच बाळ झालेल्या बाईला झोप लागते का, थकवा येतो का, हे काय विचारायचं? जॉन कॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये एडिंबरा प्रश्नावली केली ती याच अडचणीमुळे. त्यातल्या दहा प्रश्नांतून शारीरिक तक्रारी मुद्दाम वगळल्या आहेत. पहिला प्रश्न आहे तो हसण्याचा: गोष्टींतली गंमत पूर्वीसारखी दिसते का? मला ही प्रश्नावली फार आवडते. ती करणाऱ्यांनी समोरच्या बाईकडे नीट पाहिलं होतं.

बाळ तीन-चार दिवसांचं असताना कारण नसताना रडू येणं हे बहुतेक बायकांना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे राहिलं, तर ते प्रसूतीनंतरचं डिप्रेशन असू शकतं, आणि इथे दहातल्या एकीहून जास्त बायकांना ते पहिल्या वर्षात होतं. आपल्याकडे बाळंतपणाला माहेर होतं, सव्वा महिन्याची विश्रांती होती, अंगाला तेल लावणारी बाई होती. इथे नवऱ्याची दोन आठवड्यांची रजा संपते आणि लॉफबरोच्या एखाद्या फ्लॅटमध्ये एकटी आई आणि बाळ उरतं. आईचा व्हिसा झाला नाही तर तेही नाही. सासूबाई आल्या तर घरात माणूस असतं, पण मन मोकळं करता येईलच असं नाही. अशा घरी भेटायला जाल तेव्हा बाळाइतकंच आईकडे बघा. बाळ झोपलं असतानाही ती झोपू शकत नसेल, किंवा 'माझ्यापेक्षा दुसरं कुणीही याला नीट सांभाळेल' असं म्हणत असेल, तर हेल्थ व्हिजिटरला सांगायला तिला मदत करा. हेल्थ व्हिजिटर म्हणजे बाळाचं वजन करायला येणारी बाई एवढंच नाही, आईची विचारपूस हेही तिचं काम आहे. आणि बाळंतिणीला भलतेच आवाज ऐकू येत असतील, ती दोन-दोन रात्री न झोपता विचित्र उत्साहात असेल, भ्रमात बोलत असेल, तर ती तातडीची वेळ आहे. त्याच दिवशी दवाखाना.

आधी हेही तपासा

डिप्रेशन रक्तात दिसत नाही, तरी रक्त तपासायचं असतं. थायरॉइड मंदावलं, हिमोग्लोबिन उतरलं किंवा शाकाहारी माणसाचं बी-१२ कमी झालं, तर थकवा आणि उदासी अगदी तशीच दिसते. डिसेंबरात पुण्यात दिवस सुमारे ११ तासांचा असतो, लंडनमध्ये जेमतेम ८ आणि एडिंबरामध्ये ७. दर हिवाळ्यात खचून दर वसंतात उठणारे लोक असतात, त्यांचं डिप्रेशन ऋतूशी बांधलेलं असतं. ड जीवनसत्त्व इथल्या सरकारी सल्ल्यानुसार हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम घ्यावं, आपल्या रंगाच्या लोकांनी वर्षभर घेण्याचा विचार करावा. पण ती गोळी म्हणजे डिप्रेशनचं औषध नव्हे.

'मेंदूत सेरोटोनिन कमी होतं' हे स्पष्टीकरणही जपून वापरा. जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांच्या २०२२ च्या आढाव्यात त्याला ठोस आधार सापडला नाही. त्यावरून 'गोळ्या खोट्या' असा निष्कर्ष व्हॉट्सॲपवर फिरला, तो मात्र त्या आढाव्यातून निघत नाही. ऑक्सफर्डच्या चिप्रियानी यांच्या गटाने २०१८ मध्ये ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या, आणि २१ च्या २१ औषधं प्लासिबोपेक्षा सरस ठरली, बहुतेक थोड्याशाच फरकाने. औषध का चालतं हे पूर्ण कळलेलं नसतानाही ते चालतं, असं वैद्यकात बऱ्याचदा होतं.

मग करायचं काय

जीपीकडे गेल्यावर पहिल्या वाक्यात पोट सांगा, पण दुसऱ्या वाक्यात दोन आठवड्यांचा हिशोब सांगा: झोप किती, जेवण किती, काय करणं सोडलंय, कामावर काय परिणाम झालाय. 'टेन्शन आहे' म्हणालात तर इंग्रजी डॉक्टरला डोकेदुखी वाटेल किंवा घरातलं भांडण. आईवडिलांना घेऊन जात असाल तर दुभाषा मागा, तो फुकट मिळतो. मुलाने किंवा सुनेने भाषांतर केलं, की नेमकं तेच राहून जातं जे मुलासमोर बोलायचं नसतं.

इंग्लंडमध्ये जीपीकडे नाव नोंदलेलं असेल, तर एनएचएस टॉकिंग थेरपीजकडे तुम्ही स्वतःच अर्ज करू शकता, चिठ्ठी लागत नाही. स्कॉटलंड, वेल्स किंवा उत्तर आयर्लंडमध्ये असाल तर जीपीपासून सुरुवात करा.

बोलण्याने काय होणार, असं वाटणाऱ्यांसाठी गोव्याचं उदाहरण देते. विक्रम पटेल आणि 'संगत' या संस्थेने तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रांत मानसोपचाराचं कुठलंही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना तयार केलं. त्यांनी रुग्णांशी सहा ते आठ वेळा बसून बोलायचं, आणि सोडून दिलेली लहान-लहान कामं परत सुरू करायला मदत करायची. निकाल २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. मोजमाप त्याच पीएचक्यू-९ ने. तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के लोकांचे गुण १० च्या खाली आले होते, फक्त नेहमीची सुधारित सेवा मिळालेल्यांत ३९ टक्के. आणि हे सगळे चांगलेच आजारी लोक होते, सुरुवातीला १४ पेक्षा जास्त गुणांचे.

आता नववा प्रश्न. तो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. आपण तो घरात कधीच विचारत नाही, कारण विचारलं तर डोक्यात भरवल्यासारखं होईल ही भीती. संशोधनात तसं आढळलेलं नाही. उलट विचारल्यावर माणसाला सुटल्यासारखं वाटतं. 'मी नसते तर सगळ्यांचं बरं झालं असतं' असं कुणी सहज म्हणालं, तर 'काहीतरीच काय' म्हणून विषय बदलू नका. सरळ विचारा: जीव द्यायचे विचार येतात का? हो म्हटलं तर त्याला एकटं सोडू नका. ११ तासांनी असो वा मध्यरात्री, १११ ला फोन करून मानसिक आरोग्याचा पर्याय निवडता येतो, इंग्लंड आणि वेल्समध्ये तो २ आहे. समॅरिटन्सचा ११६ १२३ चोवीस तास फुकट आहे. जीव धोक्यात असेल तर ९९९. भारतातल्या माणसासाठी टेली-मानसचा १४४१६ आहे, तिथे मराठीत बोलता येतं. मात्र तो फोन तिकडच्यानेच लावलेला बरा, म्हणून आईबाबांच्या फोनमध्ये आजच साठवून द्या.

आईबाबांचं निघालंच आहे तर सांगते. व्हिडिओ कॉलवर 'कशी आहेस?' याला 'मजेत' हेच उत्तर येतं. मीही पाच महिने तेच देत होते. हल्ली आम्ही एकमेकींना दुसरं विचारतो: काल दिवसभरात काय काय केलंस? गेल्या महिन्यात आई म्हणाली, भजनाला गेले नाही. त्याआधीच्या आठवड्यातही गेली नव्हती. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कळलं की बाई गुडघ्यामुळे जिना उतरायला घाबरतेय. भजनाला जायची तिची इच्छा अजून शाबूत होती.